युद्धाचे बारसे

सभागृहाचा ठराव हा वाङ्मयाचा एक प्रकार आहे, असे आम्ही म्हटल्यास आमचे वाचक हसतील. ठराव कोणी आवडीने वाचीत नाही. त्याचा लेखक कोण हे कोणास ठाऊक नसते. आणि तो संमत झाला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राबरोबर रद्दीत जातो. तथापि ज्या गद्यातील एका क्रियापदापायी देशातील मातब्बर पुढाऱ्यांनी आपली बुद्धी शिणविली, आणि ज्याचा अर्थ दोन भाषांत दोन प्रकारे लागतो हे जाणूनच सर्वांनी त्यास मान डोलाविली, त्या गद्याकडे टीकाकाराने ढुंकूनही पाहू नये हा न्याय आम्हांस समजत नाही. भावगीताच्या एका ओळीवर आपण रकानेच्या रकाने भरतो. ता. ८ एप्रिल २००३ रोजी लोकसभेने इराकच्या युद्धासंबंधी एकमताने संमत केलेला ठराव आज आम्ही त्याच दृष्टीने परीक्षणास घेत आहो.

प्रसंग थोडक्यात असा. ते युद्ध ता. २० मार्च २००३ रोजी सुरू झाले. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीची स्पष्ट अनुज्ञा नसताना अमेरिका व ब्रिटन यांच्या फौजा इराकमध्ये शिरल्या, आणि ज्या देशांच्या त्या फौजा होत्या त्याच देशांतील रस्ते युद्धाविरुद्धच्या मिरवणुकांनी भरून गेले. लंडनच्या पार्लमेंटात ता. १८ मार्चला या प्रश्नावर कडाक्याचा वाद होऊन मते घेण्यात आली. आदल्याच दिवशी माजी परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा देऊन आपली कारणे सभागृहास उभे राहून सांगितली होती. आणि मतदानाच्या वेळी सत्तारूढ मजूर पक्षाच्या १३९ सभासदांनी आपल्याच सरकारविरुद्ध मत नोंदविले. युद्ध व्हावयाचे ते झालेच. परंतु त्या दिवशी कोण कोणत्या बाजूस उभा होता, हे पुढच्या पिढीस नावानिशी वाचावयास मिळते. आपल्या लोकसभेत ठराव आला तो युद्धाच्या विसाव्या दिवशी, आणि त्यास विरोध एकाचाही झाला नाही.

हे एकमत कसे साधले ते पाहण्यासारखे आहे. वाजपेयींच्या सरकारास अमेरिकेस दुखवावयाचे नव्हते. काँग्रेस आणि डावे पक्ष कडक शब्दाचा आग्रह धरून बसले होते. सरकारने आपल्या धोरणास 'मध्यम मार्ग' असे गोंडस नाव दिले होते. इंग्रजीत 'कंडेम' म्हणावे की 'डिप्लोअर' म्हणावे, यावर घोडे अडले. अखेर तोड निघाली ती भाषांतरातून. हिंदी ठरावात 'निंदा' हा शब्द आला आणि इंग्रजीत 'डिप्लोअर'. विरोधकांनी हिंदी वाचून समाधान मानावे आणि वॉशिंग्टनने इंग्रजी वाचून. त्या वेळी अध्यक्षाच्या आसनावर मनोहर जोशी होते. काँग्रेस पक्षाचे सभागृहातील उपनेते होते लातूरचे शिवराज पाटील, जे स्वतः १९९१ पासून १९९६ पर्यंत त्याच आसनावर बसलेले. दोघेही मराठी मुलुखातले. 'निंदा' या शब्दाचा मराठीत काय वास येतो हे त्या दोघांस तरी कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

मराठीत निंदा कोणाची करतात? शेजाऱ्याची, सुनेची, वरच्या अधिकाऱ्याची; आणि बहुधा तो समोर नसताना. 'निंदानालस्ती' हा जोडशब्दच त्या शब्दाची पायरी सांगतो. निंदा करणारा कमी प्रतीचा आणि ज्याची निंदा होते तो सहन करणारा थोर, असा आपल्या संतांचा दंडक आहे; निंदक शेजारी असलेला बरा असेही त्यांनी मानले आहे. जाहीर सभेत, ज्याने अन्याय केला त्याचे नाव घेऊन आपण जे करतो तो 'निषेध'. निषेधात 'हे होऊ नये' अशी आज्ञा आहे. निंदेत आज्ञा नाही, फक्त नाक मुरडणे आहे. हिंदीत 'निंदा' हा शब्द निषेधाच्या जागी सर्रास वापरतात हे आम्ही जाणतो, आणि शब्द प्रांताप्रांतांत फिरताना आपला पोषाख बदलतो हेही जाणतो. परंतु मराठी वाचकाच्या हाती तो ठराव जेव्हा पडला तेव्हा जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राविषयी आपल्या सार्वभौम सभागृहाने शेजघरातली कुजबुज केली, असाच त्याचा ध्वनी निघाला.

इंग्रजी शब्दाची तऱ्हा आणखी निराळी. 'डिप्लोअर' हा मूळचा लॅटिन धातू, आणि त्याचा अर्थ रडणे. त्या क्रियापदास कर्म म्हणून घटना चालते, कर्ता लागत नाही. ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस भूकंप होऊन हजारो माणसे दगडामातीखाली गाडली गेली. त्याबद्दल साऱ्या जगाने शोक केला. भूकंपाचा निषेध कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. निषेधास कोणी तरी करणारा लागतो. म्हणजे 'डिप्लोअर' म्हणताच बगदादवर पडणारे बाँब हे किल्लारीच्या भूकंपाच्या पंक्तीस जाऊन बसले: वाईट झाले, फार वाईट झाले, परंतु केले कोणी हे विचारू नका. ठरावात अमेरिकेच्या नेतृत्वाखालील फौजांचा उल्लेख होता, युद्ध तत्काळ थांबवावे व फौजा लवकर परत न्याव्यात अशी मागणीही होती. हे नमूद केलेच पाहिजे. तथापि क्रियापदच रडके असल्यावर बाकीच्या वाक्याने छाती काढून काय होणार?

दुसऱ्याच दिवशी, ता. ९ एप्रिलला, बगदाद पडले.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परराष्ट्रनीतीची भाषा ही काव्याची भाषा नव्हे, तिला संदिग्धता लागते. आखाती देशांत आपली लाखो माणसे पोट भरीत आहेत, तेल तेथूनच येते, आणि १९९० साली कुवेतवर संकट आले तेव्हा पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांस विमानांनी परत आणावे लागले होते. अशा देशाने उगाच शब्दांची तलवार उपसू नये. हा युक्तिवाद आम्हांस मान्य आहे. परंतु तो मंत्र्याने करावा. दूताने दोन अर्थांचे बोलावे, तो त्याचा व्यवसाय आहे. सभागृहाचा व्यवसाय निराळा. कोणत्या कारणास्तव आपण गप्प बसत आहो, हे उघड बोलण्यासाठी सभागृह असते. तेल आणि माणसे यांच्यासाठी आम्ही मवाळ शब्द वापरीत आहो, असे कोणी उभे राहून म्हटले असते तर तो ठराव निराळ्या अर्थाने प्रामाणिक झाला असता, आणि विरुद्ध बाजूसही त्या कारणाचे वजन करता आले असते. एकमताने ते वजनकाटेच बाहेर ठेवले.

तीन महिन्यांनी याच सरकारने याच विषयावर फार चांगले गद्य लिहिले. इराकमध्ये बंदोबस्तासाठी हिंदी सैन्याची एक डिव्हिजन पाठवावी अशी अमेरिकेची मागणी होती. ता. १४ जुलै २००३ रोजी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने निर्णय दिला की संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसल्यामुळे सैन्य पाठविता येत नाही. कारण एक, निर्णय एक, आणि तो कोणत्याही भाषेत नेला तरी बदलत नाही. आपली पोरे जाणार की नाही असा रोखठोक सवाल पुढे आला तेव्हा सरकारास रोखठोक शब्द सापडले. दुसऱ्यांची पोरे मरत होती तोवर 'निंदा' पुरत होती.

बगदाद आणि बसरा ही नावे मराठी घरांस नवी नव्हेत, हे येथे आठवते. पहिल्या महायुद्धात पुण्याच्या नावाने ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन तैग्रिस नदीकाठी कूट येथे वेढली गेली आणि ता. २९ एप्रिल १९१६ रोजी शत्रूच्या स्वाधीन झाली. तीत मराठा पलटणी होत्या. जखमींचे हाल कोणत्या थरास गेले होते ते शोधून काढण्यास ब्रिटिश सरकारने कमिशन नेमले. १९१७ च्या जूनमध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात हिंदुस्थान सरकारच्या कारभारावर इतके स्वच्छ ताशेरे होते की जुलैत पार्लमेंटात वाद होऊन भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांस, दोष त्यांचा व्यक्तिशः फारसा नसताही, अधिकार सोडावा लागला. आणि त्या वादात या कारभारावर सडकून टीका करणारे मॉण्टेग्यू त्यांच्या जागी आले. साम्राज्यशाहीचे गुणगान आम्हांस करावयाचे नाही. त्या चर्चेत कूटला मेलेल्या मराठा शिपायाच्या बापास कोणी विचारले नव्हते. पुणेकरास तेथे आवाज नव्हता, मग निजामाच्या मुलुखातील नांदेडच्या माणसाची काय कथा! परंतु चालू युद्धाच्या ऐन मध्यात, आपलीच फौज लढत असता, तिच्या हालांविषयी छापील व स्पष्ट भाषेत बोलता येते आणि त्याने राज्य बुडत नाही, एवढे तरी त्यातून दिसले.

शब्दाने घटना झाकण्याची विद्या दिल्लीत २००३ साली प्रथम जन्मास आली, असे मात्र नव्हे. नांदेड आणि लातूर येथील वाचकांस ती दुसऱ्या कोणी शिकविण्याची गरज नाही. त्यांनी ती भोगली आहे. ता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले. रणगाडे होते, विमाने होती, मेजर जनरल चौधुरी यांच्यासारखा सेनापती होता. नाव मात्र 'पोलीस अॅक्शन'. निजाम सरकार आपणास स्वतंत्र राष्ट्र म्हणवीत होते आणि सुरक्षा समितीकडे फिर्याद घेऊन गेले होते. तेव्हा ही स्वारी नव्हे, घरातला बंदोबस्त आहे, असे जगास सांगण्यासाठी ते नाव शोधण्यात आले. नाव कायद्याच्या दृष्टीने कामाचे ठरले, आणि ती कारवाई न्याय्य होती याबद्दल आमच्या मनात संदेह नाही. लातुरात वकिली केलेल्या कासिम रझवीच्या रझाकारांनी जो हैदोस घातला होता, तो संपविणारे सैन्य लोकांस देवदूतासारखे वाटले यात नवल नाही. पाच दिवसांत, ता. १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती दिली.

परंतु पोलीस आले म्हटले की मागाहून काय झाले ते विचारण्याची रीत नसते. युद्ध झाले असे म्हटले असते, तर युद्धानंतर मुलुखाचे काय झाले, बंदोबस्त कोणी ठेवला, सूड कोणी घेतला, हे प्रश्न आपोआप निघाले असते. नेहरूंनी पाठविलेले पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांनी १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरून अहवाल लिहिला. अतिशय हानी झालेले जे चार जिल्हे त्यांनी नमूद केले, त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा व बीदर यांच्याबरोबर नांदेड होता; लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच मोडत असे. साऱ्या संस्थानात मेलेल्यांचा त्यांचा अंदाज २७ हजारांपासून ४० हजारांपर्यंतचा आहे. लातुराविषयी ते लिहितात की तेथे वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालू होती, आणि सुमारे दहा हजार मुसलमान वस्तीपैकी जेमतेम तीन हजार त्यांस गावात आढळले. हजारावर मारले गेले होते, बाकीचे पळाले होते. रझाकारांच्या पापाचे स्मरण त्या अहवालात आहे. शेजाऱ्याने शेजाऱ्यास जिवावर उदार होऊन वाचविल्याच्या हकीकतीही आहेत. तो अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. अभ्यासकांस तो सरळपणे पाहावयास मिळू लागला तोवर साठांवर वर्षे उलटली होती.

आमच्या भागातील वृद्ध मंडळी 'अॅक्शनच्या आधी' आणि 'अॅक्शननंतर' अशी कालगणना करीत. सोयरिकी, वाटण्या, पोरांचे जन्म, सारे त्या एका शब्दास टांगलेले. तो शब्द इतका तोंडवळणी पडला होता की त्याच्या आत काय आहे हे कोणी उघडून पाहात नसे. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी या विषयावर लिहिताना आपल्या पुस्तकास 'हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन' असे नाव दिले. सरकारी नाव टाळून त्यांनी आपले दोन शब्द निवडले याचे महत्त्व आम्हांस त्यांच्या पांडित्याइतकेच वाटते.

हैदराबादची कारवाई लोकप्रिय होती. तिचे नाव कोणास खुपले नाही. लोकांस नको असलेल्या, आणि खरोखरीच परक्या भूमीवरच्या युद्धास असे नाव दिले म्हणजे काय होते, ते आपण १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत पाहिले.

ता. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोस राजीव गांधी व जयवर्धने यांच्या सह्या झाल्या आणि हिंदी सैन्य तमिळ बंडखोरांची हत्यारे ठेवून घेण्यासाठी समुद्रापार गेले. त्या सैन्याचे नाव आपल्याकडे 'शांतिसेना' म्हणून रुळले. हा शब्द मराठी माणसाच्या कानाचा जुना परिचित होता. विनोबांनी १९५७ साली केरळात जी शांतिसेना उभी केली तिच्या हाती काठीही नव्हती. दंगलीत मध्ये उभे राहून मार खाण्याची तिची तयारी होती. तेच नाव ऐंशी हजारांच्या घरात गेलेल्या सशस्त्र फौजेस मिळाले. अडीच महिन्यांच्या आत, १९८७ च्या ऑक्टोबरात, ही शांतिसेना जाफन्यात घरोघर लढू लागली. ऑक्टोबर अखेर जाफना हाती आले, आणि त्यानंतर ती आणखी जवळजवळ अडीच वर्षे तेथेच होती. मुंबईस जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनमध्ये होते. ता. २५ नोव्हेंबर १९८७ च्या चकमकीत छातीत गोळी लागूनही ते लढले आणि पडले. त्यांस मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. शांतिसेनेच्या नावे मिळालेले ते एकमेव परमवीरचक्र.

त्या काळच्या वादविवादाची गोम आमच्या मते या नावात होती. युद्ध म्हटले की त्यास जय असतो, पराजय असतो, आघाडी पुढे सरकते किंवा मागे हटते. विरोधी सभासद उठून विचारू शकतो, की तीन महिन्यांपूर्वी कोठे होता आणि आज कोठे आहा? शांतिसेनेस हे विचारावे कसे? शांती राखणारा जिंकत नाही आणि हरतही नाही. आणखी सैन्य पाठविले तर शांतीची हौस वाढली, आणि माणसे मेली तर शांतीस बलिदान झाले. युद्धाची 'प्रगती' हा शब्दप्रयोग मुळातच कानास विचित्र लागतो, परंतु येथे ती मोजावयाची पट्टीच नावाने काढून घेतली होती. सरकारामागे चारशेंवर सभासदांचे बळ, आणि विरोधकांचे सारे लक्ष बोफोर्सच्या तोफांकडे. त्यामुळे त्या तोफांच्या दलालीवर सभागृहात जेवढा गदारोळ झाला त्याच्या पासंगासही हे युद्ध पुरले नाही. पैसा अर्थातच लागत होता. १९८९ सालचा अर्थसंकल्प मांडणारे अर्थमंत्री नांदेडचे शंकरराव चव्हाण होते. हिशेबातील काटेकोरपणाबद्दल आणि करड्या शिस्तीबद्दल त्यांची ख्याती होती. शांतीचा भाव काय पडतो हा हिशेब त्यांच्याच तोंडून ऐकावयास मिळाला असता तर आम्हांस आवडले असते.

जे सभागृहात बोलले गेले नाही ते पुढे निवृत्त अधिकाऱ्यांच्या इंग्रजी पुस्तकांत आले. लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग यांनी लिहिले, राजदूत ज्यो. ना. दीक्षित यांचे 'असाइनमेंट कोलंबो' १९९८ साली निघाले, आणि प्रारंभीचे सेनानी मेजर जनरल हरकिरत सिंग यांचे पुस्तक तर २००७ साली, म्हणजे वीस वर्षांनी. तिन्ही पुस्तके एकमेकांशेजारी ठेवून वाचावी. सैनिक मुत्सद्द्यांकडे बोट दाखवितात, मुत्सद्दी गुप्तवार्ता खात्याकडे व सेनानींच्या फाजील आत्मविश्वासाकडे. दीक्षितांचे गद्य तिघांत सरस आहे, आणि अंदाज चुकल्याची कबुली देण्याचा मोकळेपणाही त्यांच्यात अधिक आहे. हरकिरत सिंग यांनी बोलणी करावयास आलेल्या प्रभाकरनला मारण्याची सूचना आपणास आली होती व आपण ती नाकारली, असे लिहिले आहे. पुस्तक निघाले तेव्हा दीक्षित हयात नव्हते. सभागृहात झालेल्या आरोपास त्याच संध्याकाळी उत्तर मिळते; आठवणींच्या पुस्तकातील आरोपास उत्तर देणारा कित्येकदा उरलेलाच नसतो. वादाची जागा आठवणींनी घेतली म्हणजे वाङ्मयाची भर पडत असेल. मेलेल्या शिपायाच्या पदरात त्यातून काय पडते?

१९८९ च्या जूनमध्ये श्रीलंकेचे नवे अध्यक्ष प्रेमदास यांनी ही सेना महिना-दोन महिन्यांत परत न्या असे बजावले. म्हणजे ज्यांनी बोलावले त्यांना ती नको, ज्यांच्या रक्षणार्थ गेली त्या तमिळांस ती नको, आणि घरी परतली तेव्हा मद्रास बंदरावर तिच्या स्वागतास मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. ता. २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी निघाली. सुमारे बाराशे जवान तेथे मेले. त्यांचे एक स्मारक श्रीलंका सरकारने कोलंबोजवळ बांधले आहे. दिल्लीस राष्ट्रीय युद्धस्मारक झाले २०१९ साली, त्याआधीच ते तेथे उभे होते. काळ्या दगडावर नावे ओळीने कोरली आहेत. सेनेचे नाव तेथेही शांतिसेना असेच आहे.